रीफ टाकी मोठी करायची आहे: १२० लिटरनंतर कोणते माप योग्य?

ओहोटी (धागाकर्ता)

नमस्कार. गेली साडेतीन वर्षे माझ्याकडे ६० × ४५ × ४५ सें.मी. मापाची रीफ टाकी (खाऱ्या पाण्यात प्रवाळ आणि मासे ठेवण्याची) आहे. कागदावर ती सुमारे १२० लिटरची आहे; दगड, वाळू आणि काठाखालची मोकळी जागा वजा जाता पाणी जेमतेम १०० लिटर भरते. त्यात ऑसेलॅरिस क्लाउनफिशची जोडी, एक रॉयल ग्रामा, दोन क्लीनर कोळंब्या आणि मूळच्या लहान फ्रॅगपासून (तुकड्यांपासून) वाढलेले प्रवाळ आहेत: टॉर्च, हॅमर, झोअँथिड आणि दोन प्रकारचे माँटिपोरा.

अडचण अशी आहे की सगळे चांगले वाढले आहे. रात्री टॉर्चचे दंशतंतू शेजारच्या माँटिपोरापर्यंत पोहोचतात आणि सकाळी त्याच्या कडेला पांढरा पट्टा दिसतो. अल्कलिनिटी (प्रवाळ सांगाडा बांधायला वापरतात ते पाण्यातले कार्बोनेट; डीकेएच हे तिचे एकक) दिवसाला जवळजवळ १ डीकेएच खाली येते, त्यामुळे ती भरून काढणारा डोसिंग पंप एक दिवस अडकला तरी मला रात्रभर झोप लागत नाही. म्हणून टाकी बदलायचे ठरवले आहे.

माझ्यासमोर तीन मापे आहेत. ९० × ६० × ५० म्हणजे २७० लिटर, १२० × ६० × ६० म्हणजे ४३२ लिटर आणि १८० × ६० × ६० म्हणजे ६४८ लिटर. जिथे वाचावे तिथे 'जेवढी मोठी घेता येईल तेवढी घ्या' हाच सल्ला मिळतो. तो सल्ला कुठवर खरा आहे आणि माप ठरवताना नेमके कशाला महत्त्व द्यावे, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे.

शिंपला

ओहोटी, तुमच्या टाकीचे वर्णन वाचून आनंद झाला. प्रवाळ एकमेकांना भिडू लागले म्हणून टाकी बदलावी लागणे, हे टाकी बदलण्याचे सर्वांत चांगले कारण आहे.

माझी पहिली विनंती अशी की लिटरचा आकडा काही वेळ बाजूला ठेवा आणि तीनही मापे लांबी, रुंदी व उंची अशी वेगवेगळी पाहा. प्रवाळ तळाच्या क्षेत्रफळावर वाढतात. पाण्याची उंची वाढवली तर लिटर वाढतात, पण प्रवाळ ठेवायला जागा फारशी वाढत नाही. उलट प्रकाश खोलवर पोहोचवायला जास्त ताकदीचे दिवे लागतात, हात तळापर्यंत पुरत नाही आणि काचेवरचा भार झपाट्याने वाढतो.

हा भार किती वाढतो ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. समोरच्या काचेवर पाण्याचा एकूण जोर पाण्याच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, लांबीच्या मात्र सरळ प्रमाणात. टाकी काठोकाठ भरली आहे असे धरले, तर १२० सें.मी. लांब आणि ६० सें.मी. उंच काचेवर सुमारे २२१ किलो वजनाइतका जोर येतो. लांबी १५० केली तर तो २७७ होतो. लांबी १२० वरच ठेवून उंची ७५ केली तर तो ३४६ होतो. म्हणून जाड काच आणि मजबूत सांधे यांची किंमत मुख्यतः उंचीसाठी मोजली जाते, आणि त्या बदल्यात प्रवाळांना मिळते फार थोडे.

मी तुमच्या जागी असतो तर १२० × ६० × ६० ऐवजी १२० × ७० × ५० असे माप बनवून घेतले असते. लिटर जवळजवळ तेवढेच राहतात, ४३२ ऐवजी ४२०. समोरच्या काचेवरचा जोर २२१ वरून १५४ वर येतो आणि तळाचे क्षेत्रफळ ०.७२ वरून ०.८४ चौरस मीटर होते. पुढून मागे ७० सें.मी. मिळाले की दगडांची रचना भिंतीसारखी रचावी लागत नाही. दोन वेगळी बेटे करून मध्ये वाळूची वाट मोकळी ठेवता येते. टॉर्च एका बेटावर आणि माँटिपोरा दुसऱ्यावर ठेवले की तुमचे रात्रीचे युद्ध संपते. युफिलिया कुळातल्या (टॉर्च, हॅमर) प्रवाळांभोवती किमान १५ सें.मी. मोकळी जागा असावी असे मी मानतो, आणि गॅलॅक्सिया हे प्रवाळ ठेवणार असाल तर त्याहूनही जास्त.

प्रवाळबेट

शिंपला यांचे रुंदीबद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. तरीही माझा कौल १८० सें.मी. टाकीला आहे, आणि त्यामागचे कारण मला मनापासून मांडायचे आहे.

टाकी बदलणे हे जिवांसाठीही आणि माणसासाठीही फार त्रासाचे काम असते. मी ६० वरून ९० वर गेलो, दोन वर्षांत ९० वरून १२० वर आणि नंतर १२० वरून १८० वर. प्रत्येक वेळी काही प्रवाळ गमावले, आणि प्रत्येक वेळी स्टँड, दिवे, पंप, स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारे यंत्र) पुन्हा नवे घ्यावे लागले, कारण लहान टाकीचे साहित्य मोठ्या टाकीला पुरत नाही. पहिल्यांदाच मोठी उडी घेतली असती तर तीन स्थलांतरांऐवजी एकच झाले असते.

मोठ्या टाकीत पाणी स्थिर राहते हेही खरे आहे. तुमच्या १०० लिटर पाण्यातून दोन लिटर बाष्प होऊन गेले आणि ते भरले गेले नाही, तर क्षारता ३५ वरून जवळजवळ ३५.७ होते. ५५० लिटर पाण्यात तेवढ्याच बाष्पीभवनाने ०.१३ चा फरक पडतो. तापमानाचेही तसेच आहे. रात्री वीज गेली तर मोठे पाणी हळू गार होते किंवा हळू तापते, आणि माणसाला उठून काही करायला वेळ मिळतो.

काठावर

प्रवाळबेट यांच्याबद्दल आदर राखून मी उलट दिशेचा अनुभव सांगतो.

माझ्याकडे पाच वर्षे १८० × ७५ × ६५ सें.मी. मापाची टाकी होती. पहिली तीन वर्षे ती माझ्या आयुष्यातली सर्वांत देखणी वस्तू होती. चौथ्या वर्षी घरातल्या वडीलधाऱ्यांचे आजारपण सुरू झाले आणि माझे रविवार रुग्णालयात जाऊ लागले. दर आठवड्याला ७० लिटर खारे पाणी बनवून बदलण्याचे काम आधी पंधरा दिवसांवर, मग महिन्यावर गेले. स्किमरचा कप भरून वाहू लागला. फॉस्फेट ०.०५ वरून ०.३ पीपीएमच्या पुढे गेले, दगडांवर केसांसारखे हिरवे शेवाळ वाढले आणि शेवटी अ‍ॅक्रोपोराच्या मोठ्या वसाहतींच्या बुडाकडून ऊती सुटू लागल्या. टाकी मोठी होती, म्हणून हे सगळे हळूहळू झाले. पण मोठी होती, म्हणूनच एका संध्याकाळी सावरता येईल असेही ते राहिले नाही. १०० लिटरच्या टाकीत चूक लवकर दिसते आणि दोन बादल्या पाण्याने बरीचशी सुधारता येते. ५०० लिटरमध्ये निम्मे पाणी बदलायचे म्हणजे २५० लिटर शुद्ध पाणी, नऊ किलोहून अधिक मीठ आणि अख्खा दिवस.

मासे मी ओळखीच्या जाणत्या छांदिष्टाकडे सोपवले आणि आज माझ्याकडे १२० सें.मी. ची टाकी आहे. 'जेवढी मोठी घेता येईल तेवढी घ्या' हा सल्ला मी आता थोडा बदलून देतो: तुमच्या सर्वांत वाईट आठवड्यातही जेवढी सांभाळता येईल, तेवढी घ्या.

ते आधी कसे कळणार, असा प्रश्न पडेल. मला सुचलेला एक साधा मार्ग असा. टाकीची मागणी नोंदवण्याआधी चार आठवडे तिची तालीम करा. ४२० लिटरच्या एकूण पाण्याचा दहावा भाग म्हणजे ४२ लिटर. तुमच्या आरओ-डीआय (पाणी शुद्ध करणाऱ्या) यंत्रातून दर आठवड्याला तेवढे पाणी काढा, त्यात लिटरला साधारण ३७ ग्रॅम या हिशेबाने दीड किलो मीठ विरघळवा, रात्रभर ढवळत ठेवा, क्षारता मोजा. सध्याच्या टाकीला लागेल तेवढे वापरा आणि उरलेले झाकून पुढच्या आठवड्यासाठी ठेवा. पाणी फुकट जाणार नाही आणि डबे कुठे ठेवायचे, मोरीपासून टाकीपर्यंत नळी पुरते का, पाठ किती दुखते, हे सगळे महिन्याभरात स्पष्ट होईल.

ओहोटी

काठावर, तुम्ही इतक्या मोकळेपणाने लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. तालमीची कल्पना मी याच आठवड्यापासून अमलात आणतो.

थोडी माहिती राहिली होती. टाकी ज्या भिंतीलगत ठेवायची आहे ती २१० सें.मी. लांब आहे आणि घर तिसऱ्या मजल्यावर आहे. वर येण्याचा जिना दोन वळणांचा आहे. काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत माझा हात ६८ सें.मी. भरतो. कामानिमित्त महिन्यातले चार-पाच दिवस मी घराबाहेर असतो आणि तेव्हा टाकी घरातली इतर माणसे पाहतात. घरातल्या लहानग्यांचा निळ्या टँग माशासाठी हट्ट आहे, हेही आत्ताच कबूल करतो.

दीपमाळ

तिसरा मजला वाचून लिहितो आहे. इमारतींची संरचना हा माझा व्यवसाय आहे, आणि या विषयावर लोक एकतर फार घाबरतात किंवा अजिबात विचार करत नाहीत.

आधी वजनाचा अंदाज घेऊ. १२० × ७० × ५० ही बाहेरची मापे धरली आणि काच १२ मि.मी. असेल, तर आतली लांबी-रुंदी ११७.६ आणि ६७.६ सें.मी. होते. पाण्याची पातळी काठाच्या ३ सें.मी. खाली ठेवली तर पाण्याची खोली सुमारे ४५.८ सें.मी. उरते, म्हणजे ३६४ लिटर. दगड आणि वाळू यांनी व्यापलेली जागा वजा केली की साधारण ३३० लिटर. खाऱ्या पाण्याचे वजन लिटरला १.०२५ किलो धरून हे झाले ३३८ किलो. १२ मि.मी. काच चौरस मीटरला ३० किलो भरते, म्हणून काच ८२ किलो. दगड ४०, वाळू ४०, ९० लिटर पाण्यासह सम्प (स्टँडच्या आतली दुसरी टाकी) ११५ ते १२० आणि चांगला स्टँड ७० किलो. बेरीज जवळपास ६९० किलो होते. १८० × ६० × ६० साठी याच पद्धतीने हिशेब केला तर आकडा एक टनापलीकडे जातो.

अनेक देशांच्या बांधकाम संहितांत निवासी खोलीच्या जमिनीवर चौरस मीटरला सुमारे १.५ ते २ किलोन्यूटन, म्हणजे १५० ते २०० किलो, एवढा वापराचा भार धरलेला असतो. आपली टाकी तिच्या ०.८४ चौरस मीटर तळाखाली चौरस मीटरला ८०० किलोहून जास्त भार टाकते. हा आकडा पाहून लगेच निराश होऊ नका, कारण संहितेतला भार सगळ्या खोलीभर पसरलेला धरतात आणि तेवढी खोली कधीच भरलेली नसते. पण त्याकडे दुर्लक्षही करू नका. टाकी भार वाहणाऱ्या भिंतीलगत किंवा तुळईच्या वर, तिच्या लांबीला धरून ठेवणे आणि खोलीच्या मध्यभागी ठेवणे यांत मोठा फरक असतो. तुळया कुठून जातात, स्लॅबची जाडी किती, इमारत किती जुनी, कुठे गळती होऊन सळया गंजल्या आहेत का, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कोणीही, मीसुद्धा, होकार देऊ नये. जागेवर येऊन पाहणाऱ्या संरचना अभियंत्याचा लेखी सल्ला घ्या. एवढ्या वजनाच्या वस्तूसाठी तो खर्च वाजवी आहे आणि तो टाकीचे माप ठरवण्याआधी करायचा आहे.

एक मुद्दा जिन्याचा. मोठ्या खोक्यापेक्षा काच उचलणारी माणसे जास्त जागा घेतात. १८० सें.मी. ची टाकी दोन वळणांच्या जिन्यातून न्यायची असेल तर चार माणसे वळणावर उभी राहू शकतात का, ते मोजून पाहा. पुठ्ठ्याचा त्याच मापाचा सांगाडा करून वर नेऊन पाहिला तर सगळे कळते.

ओहोटी

दीपमाळ, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल धन्यवाद. अभियंत्याची वेळ ठरवली आहे. पुठ्ठ्याचा सांगाडा काल केला. १८० चा दुसऱ्या वळणावर अडकला, १५० चा तिरका करून कसाबसा गेला, १२० चा सहज गेला.

प्रवाळबेट

मग १८० चा विषय संपला, हे मी मान्य करतो. 'कसाबसा' गेलेला पुठ्ठा आणि दीडशे किलोच्या आसपासची काच यांत फार अंतर आहे, म्हणून १५० चाही आग्रह धरत नाही. फक्त एक विनंती: १२० वर राहणार असाल तर माशांची यादी टाकीच्या लांबीवरून ठरवा, लिटरवरून नको.

समुद्रफूल

प्रवाळबेट यांच्या शेवटच्या वाक्यावरूनच सुरुवात करते, कारण लहानग्यांचा हट्ट मोडण्याचे काम कोणी तरी करायलाच हवे.

दुकानात दिसणारा निळा टँग बोटाएवढा असतो. पॅराकँथुरस हेपाटस हा मासा पूर्ण वाढला की ३० सें.मी. पर्यंत जातो आणि समुद्रात तो दिवसभर प्रवाहात पोहत असतो. १२० सें.मी. टाकीत दगडांची बेटे सोडून त्याला सरळ पोहायला मीटरभरही मिळत नाही. काही लोक 'मोठा झाला की देऊन टाकू' असे म्हणतात; परंतु ४०० लिटरच्या रीफमध्ये दगडांमागे लपणारा मासा पकडायचा म्हणजे निम्मी रचना मोडावी लागते, आणि तोपर्यंत घरातल्या मुलांनी त्याला नाव दिलेले असते. यलो टँग २० सें.मी. पर्यंत वाढतो, तोही मला १२० मध्ये आखूड वाटतो. शेवाळ खाणारा मासा हवाच असेल तर टोमिनी टँग पाहा. तो १५ सें.मी. च्या आसपास थांबतो. मुलांना रंगच हवा असेल तर फेअरी रास माशांची लहान टोळी आणि टाकीवर घट्ट बसणारी जाळी, यांनी त्यांचे समाधान होईल. जाळी विसरू नका, कारण रास उडी मारून बाहेर पडतात. मँडरिन मात्र पहिल्या वर्षात आणू नका. तो जवळजवळ पूर्णपणे कोपेपॉडसारख्या सूक्ष्म जिवांवर जगतो, आणि तेवढे जीव जुन्या, स्थिरावलेल्या दगडांतच तयार होतात.

आता अल्कलिनिटीबद्दल, कारण टाकी मोठी झाल्यावर मी स्वतः केलेली चूक हीच होती आणि ती मी बऱ्याच जणांकडून होताना पाहिली आहे. तुमच्या १०० लिटरमध्ये दिवसाला १ डीकेएच खर्च होतो. तेच प्रवाळ ४२० लिटर एकूण पाण्यात गेले की सुरुवातीला त्यांची भूक तेवढीच राहते, म्हणून घसरण दिवसाला ०.२४ डीकेएच एवढीच दिसते. डोसिंगचे एकूण मिलिलिटर बदलायचे नाहीत. पाणी चौपट झाले म्हणून डोसही चौपट केला तर अल्कलिनिटी दिवसाला पाऊण डीकेएचने चढत जाते, आणि पोषक द्रव्ये कमी असलेल्या नव्या टाकीत माँटिपोराच्या कडा त्याने जळतात. पहिले दोन आठवडे रोज मोजा, ८ ते ९ च्या मध्ये एक आकडा ठरवून त्यावरच राहा.

याचीच दुसरी बाजू अशी की मोठ्या पाण्याचे स्थैर्य कायमचे नसते. दोन-तीन वर्षांत तुम्ही रिकामी जागा प्रवाळांनी भरणार, आणि मग दर लिटरमागे होणारा खर्च आजच्या इतकाच होणार. त्या दिवशी स्थैर्य पाण्याच्या आकारातून मिळणार नाही. विश्वासार्ह डोसिंग, स्वयंचलित पाणीभरण आणि तुमच्या मोजण्याच्या सवयीतून मिळेल. म्हणून सगळा निधी काचेवर संपवू नका.

स्थलांतराबद्दल थोडक्यात सांगते. जुने दगड ओले ठेवूनच हलवा, कारण नायट्रोजन चक्र चालवणारे जिवाणू मुख्यतः त्यांच्या पृष्ठभागावर असतात. जुन्या पाण्यात ते फार थोडे असतात. जुनी वाळू मात्र नेऊ नका. साडेतीन वर्षांचा गाळ एकदम ढवळला गेला तर अमोनिया, फॉस्फेट आणि खोल थरातला हायड्रोजन सल्फाइड पाण्यात उतरू शकतो. नवे कोरडे दगड वापरणार असाल तर ते वेगळ्या पिंपात, अंधारात, प्रवाह आणि हीटरसह काही आठवडे आधीच मुरवा आणि फॉस्फेट मोजत राहा. नव्या दिव्यांची तीव्रता निम्म्यापासून सुरू करून तीन-चार आठवड्यांत वाढवा. युफिलियाला ५० ते १५० पार (प्रकाशाच्या तीव्रतेचे माप) पुरते, त्यांना दिव्यांच्या थेट खाली ठेवू नका. आणि जुनी ६० सें.मी. टाकी विकू नका. नव्या माशांना त्यात वेगळे ठेवा, कारण क्रिप्टोकॅरिऑन म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा रीफमध्ये शिरला की तिथे तांब्याचे औषध वापरता येत नाही. कोळंब्या, गोगलगायी आणि प्रवाळ त्याने मरतात.

शिंपला

समुद्रफूल यांचा डोसिंगचा मुद्दा प्रत्येकाने जपून ठेवावा असा आहे.

मापाशी जोडलेल्या तीन गोष्टी अजून सांगायच्या राहिल्या. पहिली दिव्यांची. बहुतेक एलईडी दिवे साधारण ६० × ६० सें.मी. भाग नीट उजळतात. त्यामुळे १२० लांबीला दोन दिवे व्यवस्थित बसतात, तर ९० लांबीला एक अपुरा पडतो आणि दोन घ्यावेच लागतात. याच कारणाने ९० सें.मी. चे माप मला कधीच फार पटले नाही; खर्च १२० च्या जवळ जातो आणि जागा मिळत नाही. ७० रुंदीत मात्र पुढची आणि मागची पट्टी थोडी मंद राहील. तिथे झोअँथिड आणि युफिलिया आनंदाने राहतील.

दुसरी गोष्ट सम्पची, आणि इथे हिशेब चुकला तर जमिनीवर पाणी येते. रिटर्न पंप (सम्पमधले पाणी वर टाकीत पाठवणारा) बंद झाला की टाकीतले पाणी ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी सम्पमध्ये सांडते त्या पेटीच्या) काठापर्यंत आणि रिटर्न नळीच्या तोंडापर्यंत खाली उतरते. तुमच्या टाकीचे आतले क्षेत्रफळ सुमारे ०.८ चौरस मीटर आहे. पातळी फक्त अडीच सें.मी. उतरली तरी २० लिटर पाणी सम्पमध्ये येणार, नळ्यांतले तीन-चार लिटर वेगळे. म्हणजे सम्प चालू असताना त्यात किमान २५ लिटरची जागा रिकामी हवी. ९० लिटर पाणी ठेवायचे असेल तर सम्प १२० लिटरच्या आसपासचा घ्या. रिटर्न नळीचे तोंड पाण्याखाली जेमतेम दोन सें.मी. ठेवा. वन-वे व्हॉल्व्हवर भरवसा ठेवू नका. त्यात एक गोगलगाय अडकली तरी तो उघडा राहतो. पाणी भरल्यावर पहिल्याच दिवशी पंप मुद्दाम बंद करून सम्पची पातळी कुठे थांबते ते पाहा आणि तिथे खूण करा. तुम्ही बाहेरगावी असताना घरच्यांनी ती एकच खूण पाहायची.

तिसरी गोष्ट तुमच्या हाताची, आणि ही माझ्याच सुचवलेल्या मापाची उणीव आहे, म्हणून ती मीच सांगायला हवी. ७० सें.मी. रुंद आणि ५० सें.मी. उंच टाकीत पुढच्या वरच्या काठापासून मागच्या तळाच्या कोपऱ्यापर्यंत ८६ सें.मी. अंतर होते. तुमचा हात ६८ चा आहे. टाकी भिंतीलगत असणार, म्हणजे मागून वाकता येणार नाही. तेव्हा एक बाजू तरी मोकळी ठेवा. भिंत २१० ची असल्यामुळे ९० सें.मी. तुमच्या हातात आहेत. टाकी मध्यावर न ठेवता एका अंगाला सरकवा आणि ओव्हरफ्लोची पेटी टाकीच्या बाहेर, मागच्या बाजूला ठेवा. दगड मागच्या काचेपासून १२ सें.मी. दूर रचा, म्हणजे मागे प्रवाह फिरेल, गाळ साचणार नाही आणि हात घालायची वेळच कमी येईल.

काठावर

तालीम कशी चालली आहे, ओहोटी?

ओहोटी

चार आठवडे पूर्ण झाले. पहिल्या आठवड्यात ४२ लिटर पाणी काढायला साडेचार तास लागले आणि डबा भरून वाहू लागला, कारण मी दुसऱ्या खोलीत होतो. दुसऱ्या आठवड्यात डब्याला फ्लोट व्हॉल्व्ह बसवला. तिसऱ्या आठवड्यात मी घरी नव्हतो. घरच्यांनी पाणी काढून ठेवले, पण मीठ मिसळण्याचे काम माझ्यासाठी राखले, आणि ते योग्यच होते. चौथ्या आठवड्यात सगळे पाऊण तासाच्या प्रत्यक्ष कामात झाले, बाकी वेळ यंत्राने घेतला. ६५ लिटरची तालीम मात्र मी एकदाच करून पाहिली आणि डबे ठेवायलाच जागा उरली नाही.

अभियंत्याने जागा पाहिली. त्या भिंतीखालून तुळई जाते. त्यांनी ८०० किलोपर्यंत लेखी संमती दिली आहे, स्टँडचे वजन चार पायांवर न देता पूर्ण लांबीच्या दोन आधारांवर पसरवण्याच्या अटीवर. १२० × ७० × ५० हे माप ठरले. घरात निळ्या टँगबद्दलची चर्चा दोन दिवस चालली आणि शेवटी पुठ्ठ्याच्या सांगाड्यात ३० सें.मी. ची पट्टी ठेवून दाखवल्यावर लहानग्यांनीच 'तो वळणार कसा' असे विचारले.

टाकीवाल्याकडे मागणी देण्याआधी एकच प्रश्न राहिला आहे. स्टँडची उंची किती ठेवावी? मला बसून पाहायला आवडते, म्हणून ७५ सें.मी. मनात आहे.

शिंपला

७५ मध्ये तुम्हाला रोज त्रास होईल. उंची पाहण्याच्या सोयीवरून न ठरवता स्किमर बाहेर काढण्यावरून ठरवा. तुमच्या सम्पची भिंत ४० सें.मी. उंच असेल आणि स्किमरचे धड, कप काढल्यावर, ३८ सें.मी. असेल, तर ते सरळ उचलून भिंतीवरून बाहेर काढायला आत ७८ सें.मी. मोकळी उंची लागते. दोन सें.मी. हाताला. वरची फळी आणि खालची बैठक मिळून ६ सें.मी. धरली तर स्टँड ८६ चा होतो आणि टाकीचा काठ जमिनीपासून १३६ वर येतो. पायाखाली एक भक्कम स्टूल लागेल, ते स्टँडसोबतच बनवून घ्या. स्किमर अजून घेतला नसेल तर आधी तो ठरवा, त्याचे धड मोजा आणि मगच सुताराला आकडा द्या. दरवाजांच्या मध्ये उभी पट्टी ठेवू नका असेही त्याला सांगा, नाहीतर सम्प कधी बदलायची वेळ आली तर टाकी रिकामी करावी लागेल.

ओहोटी

स्किमर घेतलेला नाही. उद्या पट्टी घेऊन जातो, धड मोजतो आणि आकडा इथेच लिहितो.